चाळणीवरची कॉफी

फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये वाळूची ओळख पन्नास ग्रॅमच्या नमुन्यापासून सुरू होते. नमुना धुऊन त्यातली माती काढायची, वाळवायचा आणि चाळण्यांच्या चवडीत वरून ओतायचा. सगळ्यात वर ३.३५ मिलिमीटरची जाळी, तिच्याखाली १.७०, मग ८५० मायक्रॉन, ६००, ४२५, ३००, २१२, १५०, १०६, ७५, ५३ आणि तळाला बंद पॅन. शेकर पंधरा मिनिटं चालवायचा आणि कोणत्या चाळणीवर किती वाळू अडकली ते वजन करून रकान्यात मांडायचं. प्रत्येक चाळणीला ठरलेला गुणक असतो. गुणाकार-भागाकार झाला की एक आकडा निघतो, त्याला आम्ही एएफएस नंबर म्हणतो. वाळू सरासरी किती बारीक आहे ते त्यावरून कळतं.

नवीन ट्रेनी आला की तो हा आकडा काढून रिपोर्ट माझ्यापुढे ठेवतो. मी आकड्यावर हात ठेवते आणि त्याला वरचा रकाना वाचायला लावते. दोन ट्रकमधून आलेल्या दोन वाळूंचा नंबर ५५ येऊ शकतो. एकीचे दाणे शेजारशेजारच्या तीन चाळण्यांवर गोळा झालेले असतात, दुसरीचे वरपासून पॅनपर्यंत विखुरलेले. या दुसऱ्या वाळूतले बारीक कण मोठ्या दाण्यांमधल्या पोकळ्यांत जाऊन बसतात. मोल्डमध्ये तापलेलं लोखंड ओतलं की वायू तयार होतो, त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि तो कास्टिंगच्या पोटात अडकतो. बाहेरून जॉब धडधाकट दिसतो. मशीनिंग सुरू झालं की भोक उघडं पडतं, आणि तोवर त्यावर अनेकांची मेहनत खर्ची पडलेली असते. म्हणून आम्ही परमिएबिलिटीही मोजतो. ५०.८ मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा वाळूचा दंडगोल तीन ठोके देऊन घट्ट करायचा आणि त्यातून २,००० घनसेंटिमीटर हवा जायला किती वेळ लागतो ते बघायचं.

हवेच्या जागी गरम पाणी आणि वाळूच्या जागी कॉफी धरली, तर कागदाच्या फिल्टरमध्ये जे घडतं ते हेच. घरी कॉफी दळण्याबद्दल आणि ग्राइंडर निवडण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते या लॅबमधूनच आलेलं आहे. ग्राइंडर किती बारीक दळतो हे सगळे विचारतात. तो किती सारखं दळतो हे विचारायला हवं.

माझं माहेर कोल्हापूरचं. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लॅबला लागले. लग्नानंतर पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीत आले आणि नोकरी चाकणच्या पट्ट्यात मिळाली. रहाटणी आता दोन वेळापत्रकांची वस्ती आहे. पहाटे कोकणे चौकात चाकणच्या, भोसरीच्या कंपन्यांच्या बसची वाट बघत आम्ही फर्स्ट शिफ्टवाले उभे असतो. ऊन वर आलं की त्याच रस्त्याने हिंजवडीची गर्दी सुरू होते. आमच्या इमारतीतही अर्धी घरं वाहन उद्योगातली आणि अर्धी आयटीतली. लिफ्टमध्ये एकाच्या हातात सेफ्टी शूज असतात, दुसऱ्याच्या पाठीवर लॅपटॉप. भाजलेल्या कॉफीच्या बियांची पहिली पुडी माझ्या घरात आली ती या दुसऱ्या अर्ध्यातून. वरच्या मजल्यावरचा मुलगा चिकमगळूरला गेला होता. "काकू, तुम्हाला कॉफी आवडते ना? हे घ्या. मिक्सरला फिरवा, झालं," म्हणाला.

आवडायची तर होतीच. आमच्या घरची कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर सढळ हाताने घातलेली आणि वरून जायफळ. पावडर बाटलीतली इन्स्टंट. त्या कॉफीला मी कधीच नावं ठेवणार नाही, तिच्यावर आमच्या घरातली आजारपणं आणि जागरणं निघालेली आहेत. पण त्या कपात ताजं काय असायचं, तर जायफळ. जायफळाची पूड करून वर्षाचा डबा भरून ठेवणारी बाई मी पाहिलेली नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच किसायचं, कारण किसलेल्याचा वास टिकत नाही हे प्रत्येकीला ठाऊक असतं. कॉफीचंही तेच आहे. भाजताना बीमध्ये वासाची द्रव्यं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होऊन आत कोंडलेले असतात. अख्ख्या बीतून ते सावकाश बाहेर पडतात, आठवडेच्या आठवडे. बी फोडली की हवेला भिडणारा पृष्ठभाग एकदम वाढतो. एक सेंटिमीटरचा घन अर्ध्या मिलिमीटरच्या तुकड्यांत फोडला तर पृष्ठभाग वीसपट होतो. आठवड्यांचा हिशेब मग तासांवर येतो.

वरच्या मजल्यावरच्या मुलाने सांगितल्याप्रमाणे मी बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवल्या, आणि लॅबची सवय म्हणून त्या चाळून बघायचं ठरवलं. त्यासाठी चाळण्या मात्र नव्या कोऱ्या घेतल्या. कंपनीतल्या चाळण्यांत वर्षानुवर्षं सिलिका वाळू फिरलेली असते. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली तर ती तिथून निघत नाही, सिलिकोसिस त्यातूनच होतो. तसली चाळणी घरात आणायचा प्रश्नच नव्हता. १.१८ मिलिमीटर, ८५०, ६००, ४२५ आणि २१२ मायक्रॉन एवढ्या पाच चाळण्या आणि एक पॅन माझ्या कामाला पुरले. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घरात होताच.

मिक्सरच्या पावडरीचा रकाना बघून मला ती विखुरलेली वाळूच आठवली. वरच्या चाळणीवर बीचे चक्क ओळखू येणारे तुकडे, पॅनमध्ये मैद्यासारखी भुकटी आणि मधल्या प्रत्येक चाळणीवर थोडं थोडं. यात मिक्सरचा दोष नाही, तो चटणीसाठीच बनलेला आहे. त्याचं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांनी फिरतं आणि समोर येईल त्याला झोडपतं. पुरेसा बारीक झालेला कण भांड्याबाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा मार खातो. मोठा तुकडा कडेला चिकटून बसला तर तो सुटतो. आणखी फिरवलं की मोठे तुकडे कमी होतात, पण भुकटी त्याहून वेगाने वाढते आणि भांडं गरम होतं ते वेगळंच.

बर ग्राइंडर म्हणतात त्यात गोष्ट निराळी असते. बाहेर दातेरी कडं, आत दातेरी शंकू, आणि दोघांत ठरवून ठेवलेली फट. बी वरच्या मोठ्या दात्यांत फुटते, तुकडे खाली सरकत बारीक होत जातात आणि कण फटीएवढा झाला की खाली गळून पडतो. त्याला दुसरा मार बसत नाही. म्हणजे सगळी मदार त्या फटीवर. फट सगळीकडून सारखी असेल तर दळण सारखं. शंकू एका बाजूला कलला असेल तर एकीकडून मोठे तुकडे निसटतात आणि दुसरीकडे भुगा होतो.

याचा चवीशी संबंध काय, तेही आकड्यांतच सांगते. समजा अर्धी पावडर ३०० मायक्रॉनची आहे आणि अर्धी १,१०० ची. सरासरी येते ७००, कागदाच्या फिल्टरला चालण्याजोगी. पण तेवढ्याच वजनाच्या बारीक कणांचा पृष्ठभाग मोठ्यांच्या साडेतीन पटींहून जास्त असतो. पाणी दोघांवर सारखाच वेळ असतं. बारीक कणांतून हवं ते सगळं निघून जातं आणि मग कडू, तुरट द्रव्यंही उतरायला लागतात. मोठ्या तुकड्यांच्या पोटात पाणी पोचतच नाही, त्यांच्यातून नुसता आंबटपणा येतो. असा कप एकाच वेळी आंबटही लागतो आणि कडूही. लोक मग बियांना दोष देतात, भाजणाऱ्याला देतात, दूध-साखर वाढवतात. शिवाय ती भुकटी कागदाच्या तळाशी जाऊन बसते आणि पाणी तुंबतं.

हँड ग्राइंडर घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी दात्यांचं मटेरियल विचारलं. सिरॅमिक की स्टील? माझ्या मते हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. सिरॅमिक गंजत नाही, लवकर झिजत नाही, त्यात वाईट काही नाही. स्वस्त सिरॅमिक ग्राइंडरमध्ये अडचण असते ती दांड्याची. मधला दांडा वर एका प्लास्टिकच्या बुशमध्ये धरलेला असतो आणि खाली शंकू स्प्रिंगवर लोंबकळतो. बारीक दळताना शंकू कड्यात घट्ट बसतो, त्यामुळे दांडा जागेवर राहतो आणि दळण बऱ्यापैकी येतं. जाड दळायला फट वाढवली की शंकू मोकळा होतो आणि प्रत्येक फेरीला डुलायला लागतो. आमच्याकडे याला प्ले म्हणतात. चाकणच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये शाफ्टला एवढा प्ले दिसला तर जॉब पुढे जाणार नाही. म्हणून हँड ग्राइंडर हातात घेतला की मी खालचा डबा काढते, शंकू बोटांत धरून आडवा हलवून बघते. दांडा वर आणि खाली असा दोन बेअरिंगांत धरलेला असेल आणि शंकू तसूभरही हलत नसेल, तर पुढची चौकशी करायची.

पुढची चौकशी म्हणजे फट किती बारीक पायऱ्यांनी बदलता येते. स्क्रूची पिच एक मिलिमीटर असेल आणि एका फेरीत ४० क्लिक असतील, तर एका क्लिकला शंकू २५ मायक्रॉन वर-खाली होतो. दाते तिरपे असल्यामुळे प्रत्यक्ष फट त्याहून कमी बदलते. फिल्टर कॉफीला एवढी बारकाई भरपूर झाली. एस्प्रेसो करणाऱ्याला ती कमी पडू शकते, कारण तिथे दाबाखालचं पाणी पंचवीस-तीस सेकंदांत जायचं असतं आणि एका क्लिकने सगळं बदलतं. एस्प्रेसोचं मशीन घरात नसेल तर त्यासाठीचा ग्राइंडर घेण्यात पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाहन उद्योगातल्या माणसाला आवडावी अशी एक गोष्ट इथेच सांगते. फ्रान्सच्या प्यूजो घराण्याने १८१० मध्ये आपल्या धान्याच्या गिरणीचं पोलादाच्या कारखान्यात रूपांतर केलं. तिथे करवतींची पाती, स्प्रिंगा असलं सामान बनायचं. त्यांनी कॉफीची चक्की आणली १८४० मध्ये. मोटार त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी आली. आपल्याकडे महिंद्राच्या जीपमध्ये ज्या कंपनीची डिझेल इंजिनं बसली, तिने पोलादाला अचूक दात पाडण्याचं कसब आधी स्वयंपाकघरात वापरलं होतं. ग्राइंडरला खेळणं समजून हसणाऱ्या टूलरूमच्या मंडळींना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

मी घेतला तो स्टीलच्या दात्यांचा, दोन बेअरिंगांचा, वीस ग्रॅम बिया मावणारा हँड ग्राइंडर. त्या दर्जाचा इलेक्ट्रिक घ्यायचा तर किंमत बरीच चढते, कारण तिथे मोटर आणि गिअरचेही पैसे मोजावे लागतात. पण पैशापेक्षा माझ्या शिफ्टने निकाल लावला. पहाटे घरातले झोपलेले असताना मोटरचा आवाज नको होता. हाताने दळायला मिनिटभर लागतं, दाणे संपले की दांडा एकदम हलका फिरतो आणि भिंतीपलीकडे काही ऐकू जात नाही. पंधरा ग्रॅम कॉफी, अडीचशे मिलिलिटर पाणी. बस यायच्या आत शांतपणे पिऊन होते.

त्याचं दळण चाळलं तेव्हा बहुतेक माल ८५० आणि ६०० च्या चाळणीवर थांबला होता. पॅनमध्ये थोडी भुकटी होतीच, आणि ती कोणत्याही ग्राइंडरमध्ये असते. भाजलेली बी ठिसूळ असते, फुटताना तिचा भुगा उडणारच. जितकं गडद भाजलेलं तितका भुगा जास्त. इथे लॅबच्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कॉफीला तेल सुटतं, कण एकमेकांना आणि जाळीला चिकटतात, त्यामुळे बारीक चाळण्यांवरचं वजन कोरड्या वाळूइतकं विश्वासाचं नसतं. पॅनमध्ये दिसते त्याहून जास्त भुकटी प्रत्यक्षात असते.

काही हौशी लोक ही भुकटी चाळून फेकून देतात. तशी कॉफीही मी करून प्यायले आहे. ती स्वच्छ लागते, वास छान येतो, पण तोंडात भरत नाही. वाळूतही अगदी एकसारखे दाणे आम्हाला नको असतात. क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सियसला एकदम फुगतं. सगळे दाणे एकाच मापाचे असतील तर सगळे एकदम फुगतात, मोल्डचा पृष्ठभाग सुटतो आणि कास्टिंगवर खपल्या येतात. म्हणून शेजारच्या तीन-चार चाळण्यांवर विभागलेली वाळू आम्ही पसंत करतो. पसारा हवा, पण आटोक्यातला. हजारोंच्या वरचे हजार खर्च करून शेवटचा बारीक कण घालवण्याच्या मागे लागणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

हिवाळ्यात आमच्याकडे हवा कोरडी होते आणि दळलेली कॉफी डब्याला, बोटांना, ओट्यालाही चिकटायला लागते. घर्षणाने कणांवर विद्युतभार येतो. यावरचा घरगुती उपाय असा की दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब लावायचा. चमच्याची दांडी ओली करून बिया ढवळल्या तरी पुरतं. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हा उपाय तपासून प्रसिद्ध केला. ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ त्यांच्या सोबत होते. बीमधला ओलावा कमी तितका भार जास्त, आणि पाण्याने तो घटतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. मोल्डच्या ओल्या वाळूत, म्हणजे ग्रीन सँडमध्ये, तीन-चार टक्के पाणी राखण्यासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाला एका थेंबाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात थेंबाची गरज पडत नाही. तेव्हा बरणीचं झाकण घट्ट लावणं महत्त्वाचं.

पाण्याचं मात्र बोलायलाच हवं. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येतं आणि आमच्या भागातल्या सोसायट्या मधली तूट टँकर नाहीतर बोअरवेलवर भागवतात. बोअरचं पाणी जड. किटलीच्या तळाशी पांढरा थर दिसतो तो त्याचाच. त्या पाण्यात सगळ्यात चांगल्या ग्राइंडरची कॉफीही बोथट लागते. नवीन यंत्रावर खर्च करण्याआधी त्याच बियांची कॉफी एकदा पवनेच्या नळाच्या पाण्यात आणि एकदा टँकरच्या पाण्यात करून बघावी. फरक जिभेला लगेच कळतो.

बियांच्या निवडीत मी फार खोल जात नाही. पुडीवर भाजल्याची तारीख असावी एवढं बघते. चिकमगळूर आणि कोडगूच्या बिया आता सहज मिळतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मेळघाटात चिखलदऱ्याला, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, आणि ती ब्रिटिशांच्या काळापासून आहे. आपल्याच राज्यात कॉफीची झाडं आहेत हे आमच्या शॉपफ्लोअरवर कोणालाच माहीत नव्हतं, अमरावतीकडची दोन मुलं सोडून.

तयार फिल्टर कॉफीच्या पुडीवर मात्र बारीक अक्षरं वाचावीत. चिकोरी मिसळलेल्या पावडरीत कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे असा नियम आहे. म्हणजे जवळपास निम्मी पुडी कायद्याने चिकोरीची असू शकते. चिकोरीची चव आवडणं यात गैर काही नाही, दक्षिणेत ती जाणूनबुजून घालतात. पण ताज्या दळणाचा फरक अनुभवायचा असेल तर निखळ बियाच घ्यायला हव्यात. आणि ग्राइंडर घ्यायचा नसेल तर माटुंग्याला म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानांत करतात तसं करावं. बिया समोर दळून घ्यायच्या, पण आठवड्यापुरत्याच.

मध्यंतरी मोल्डिंग लाइनवरच्या एका सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, तुमच्यासारखाच घेऊ का मी?" त्याच्या घरी सहा माणसं, सगळ्यांना सकाळी एकदमच कॉफी लागते आणि ती करणार त्याची बायको. मी म्हटलं, "तिला विचारलंस का? तीन वेळा ग्राइंडर भरून फिरवायचा आहे तिला, डबे भरता भरता." त्याला मी इलेक्ट्रिक सुचवला. दात्यांचाच, पात्यांचा नव्हे. मोटर किती वॅटची यापेक्षा दाते हाताने काढून साफ करता येतात का, हे बघ म्हटलं. आत अडकलेली जुनी पावडर खवट होते आणि ताज्या दळणात मिसळत राहते.

कोल्हापूरला आईसाठीही तसाच छोटा इलेक्ट्रिक नेऊन दिला. तिची मनगटं दुखतात, हँड ग्राइंडर तिला फिरवणार नाही. ती दुधातलीच कॉफी करते, पण आता बिया दळून, फडक्यातून गाळून. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "अगं, जायफळही यातच टाकलं तर?" नको म्हटलं. जायफळाचं तेल दात्यांत मुरलं की पुढच्या कित्येक दळणांना तो वास येत राहील, आणि त्याचा कठीण तुकडा दात्यांत अडकला तर मोटर थांबेल. जायफळ ती अजून किसणीवरच किसते. ग्राइंडर महिन्यातून एकदा उघडून कोरड्या ब्रशने झाडते, पाणी लावत नाही.